सहा घोडे, एक माणूस आणि तुमची नोकरी: जमेल का?

तुमचा प्रश्न असा की इंदूरजवळ राऊच्या पुढे वडिलोपार्जित दोन एकर जागा आहे, तिथे सहा घोडे ठेवायचं मनात आहे, स्वतःची नोकरी इंदुरातल्या विजयनगरला, एक माणूस ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ आपण लक्ष घातलं तर जमेल का, आणि दिवसभर घोड्यांचं नेमकं काम तरी काय असतं.

उत्तर आधीच देऊन टाकतो, एका माणसात जमणार नाही. दोन लागतील, आणि त्यातला एक गावी गेला की दुसरा तुम्ही. माझ्याकडे खंडवा रोडच्या बाजूला नऊ घोडे आहेत, दोन मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारी माणसं) आहेत, आणि तरी मी आणि आमच्या सौ. एकत्र कुठल्या लग्नाला जाऊन मुक्काम केल्याला किती वर्षं झाली ते आता आठवत पण नाही. मराठ्यांच्या फौजेत जो स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर, शाळेत वाचलं असेल. तुम्ही शिलेदार व्हायला निघालाय, म्हणजे चंदीचारा (चंदी म्हणजे दाण्याचा खुराक), नालबंदी, आजारपण सगळं तुमच्या अंगावर. बारगीर होऊन कुणाच्या तरी घोड्यावर तासभर बसायचं असेल तर ते स्वस्तात पडतं.

काम अवघड नाहीये हो. अवघड हे आहे की ते थांबत नाही, रविवार नाही, दिवाळी नाही, ताप आला म्हणून सुट्टी नाही. आणि दुसरं म्हणजे ह्यातलं खरं काम हाताने करायचं नसून डोळ्याने करायचं असतं, जे कुणाला सांगितलं की पटत नाही. माझा दिवस पावणेपाचला सुरू होतो आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं मी कशालाही हात लावत नाही. दिवा लावायचा, हलक्या आवाजात काहीतरी बोलत जायचं म्हणजे कुणी दचकत नाही, आणि प्रत्येकाच्या ठाणासमोर (ठाण म्हणजे त्याची बांधायची जागा) उभं राहून बघायचं. कान कुठे आहेत, मला बघून खिंकाळला का, मागचा एक पाय ढिला सोडून उभा आहे (हे नॉर्मल आहे, घोडा आराम तसाच करतो) की पुढचा पाय पुढे टाकून उभा आहे (हे नॉर्मल नाही), रात्रीची वैरण संपली का, बादलीतलं पाणी किती उतरलं, अंगाला खाली अंथरलेला भुसा लागलाय म्हणजे रात्री आडवा झाला होता का. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे खरं पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं, आणि जो घोडा दिवसेंदिवस आडवाच होत नाही त्याचं काहीतरी दुखतंय किंवा त्याला जागा सुरक्षित वाटत नाहीये.

आणि लीद. सगळ्यात जास्त मी लीद बघतो. हसू नका. माझ्या सासूबाई पहिल्यांदा तबेल्यावर आल्या तेव्हा जावई सकाळी सकाळी शेणाकडे बघत काय उभा राहिलाय असं त्यांना झालं होतं. चांगला घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो, म्हणजे रात्रभरात चार-पाच ढीग तरी दिसलेच पाहिजेत. गोळे घट्ट पण ओलसर, पडल्यावर थोडे फुटणारे. छोटे कोरडे खडखडीत गोळे आणि वरून चकचकीत शेंबडासारखा थर असेल तर पाणी कमी पडतंय आणि पोट अडायच्या वाटेवर आहे. अख्खे दाणे दिसले तर दात बघायची वेळ आली. पातळ झाली तर काल नवीन काय खाल्लं ते आठवायचं. आणि ठाणात लीदच नसेल तर बाकी सगळी कामं बाजूला, तो घोडा आधी. आमच्या दोन्ही मोतद्दारांना मी एकच नियम घातलाय की माझी फेरी होईपर्यंत फावडं उचलायचं नाही. सकाळी लवकर झाडून ठेवलेला चकचकीत तबेला बघून मला राग येतो, कारण रात्रभराची बातमी त्यानी फेकून दिलेली असते.

मग वैरण टाकायची आणि ते खात असताना सफाई. एक चारशे किलोचा घोडा दिवसाला पंधरा ते वीस किलो लीद टाकतो, मूत्राने भिजलेला भुसा वेगळा. तुमच्या सहा घोड्यांचा हिशेब शंभर किलोच्या वर रोज. हा ढीग कुठे जाणार हे घोडा घ्यायच्या आधी ठरवा, विहिरीपासून आणि तबेल्यापासून लांब, उतारावर खालच्या बाजूला. ढीग नीट रचला, अधूनमधून पालटला तर आतून इतका तापतो की हात घालवत नाही, त्या उष्णतेत जंतांची अंडी आणि माश्यांच्या अळ्या मरतात आणि काही महिन्यांत खत तयार होतं. आजूबाजूचे भाजीवाले शेतकरी माझ्याकडून ट्रॉली भरून नेतात. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, ओला कचरा सुका कचरा लहान पोरांना पण पाठ आहे, पण कचरागाडीवाल्याला लीद दाखवून बघा, गाणं तसंच चालू ठेवून पुढे निघून जाईल.

ओला भुसा मात्र रोजच्या रोज निघालाच पाहिजे. मूत्रातून अमोनिया होतो, तुम्ही उभे असताना डोळे चुरचुरत नसतील पण घोड्याचं नाक खाली असतं, आणि आडवा झाला की अख्खं तोंडच त्यात. म्हणून मी नवीन माणसाला ठाणात खाली उकिडवं बसून श्वास घ्यायला लावतो, एकदा बसला की परत कधी सांगावं लागत नाही.

पाणी. एका घोड्याला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर रोज, मे महिन्यात काम असेल तर पन्नासच्या वर. सहा घोड्यांना टाकी हजार लिटरची ठेवा, बोअरची मोटर जळाली तरी दोन-तीन दिवस निघतील, आणि मोटर जळतेच, ती पण मे महिन्यातच. हौद रोज घासायचा. जुने लोक म्हणायचे आधी पाणी मग चंदी, तो नियम दोन वेळा पाणी दाखवायची पद्धत होती तेव्हाचा. समोर चोवीस तास स्वच्छ पाणी असेल तर घोडा स्वतःचं बघून घेतो. हिवाळ्यात उलटी पंचाईत, माळव्यातल्या जानेवारीच्या रात्री हौदातलं पाणी इतकं गार होतं की ते कमी पितात आणि कोरडी वैरण तर तेवढीच खातात. पोट अडकायच्या सगळ्यात जास्त केसेस मी थंडीतच बघितल्यात. तेव्हा सकाळी एक-एक बादली कोमट पाणी द्यायचं, आणि रोज २५-३० ग्रॅम मीठ चंदीत, म्हणजे तहान लागते. सैंधवाचा मोठा खडा दोरीने बांधून ठेवा तो वेगळा.

आता खाणं, ह्यात लोक सगळ्यात जास्त चुकतात आणि बहुतेक वेळा प्रेमापोटी चुकतात. घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने अगदी लहान असतं, आठ-पंधरा लिटरची पिशवी समजा, आणि त्याला उलटी करता येत नाही. गेलं ते पुढेच जाणार. दिवसभर थोडं थोडं चरायचं हीच त्याची रचना, म्हणून वैरण मुख्य आणि चंदी वरची. माझ्याकडचा हलकं काम करणारा घोडा दिवसाला आठ-नऊ किलो कोरडी वैरण खातो आणि दीड-दोन किलो चंदी, ती पण दोन किंवा तीन वेळात वाटून. एका वेळी दोन किलोच्या वर दाणा कधीच नाही, मग घोडा कितीही मोठा असो. चंदीत माझं मिश्रण जव किंवा ओट भरडलेले, थोडा भिजवलेला हरभरा, मूठभर चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा. दोन एकरात सहा घोडे चरून जगतील हे डोक्यातून काढून टाका, पावसाळ्यात महिनाभर हिरवं दिसेल आणि मग टापांनी सगळा चिखल. सहा घोड्यांना रोज पन्नास किलो कोरडी वैरण धरली तर वर्षाला अठरा टन होते, हा आकडा कागदावर मोठ्ठा लिहून भिंतीला लावा. कुरणातलं वाळकं गवत दसऱ्यानंतर कापतात तेव्हा घ्यायचं, गव्हाचा भुसा मार्च-एप्रिलमध्ये काढणीला. जून-जुलैत घ्यायला गेलात की भाव पण वाढलेला आणि माल पण भिजलेला. वास घेऊन घ्या. बुरशीचा वास आला तर फुकट दिला तरी नको, घोड्याची फुफ्फुसं बैलासारखी नाहीत, बुरशीची धूळ गेली की खोकला धरतो तो मग सुटत नाही. सोयाबीनचा भुसा आपल्याकडे ढिगाने मिळतो म्हणून लोक विचारतात, मी खायला घालत नाही, फार काड्यांचा आणि धुळीचा असतो.

राऊ-महू पट्ट्यात डेअरीवाल्यांनी नेपियर गवत लावलेलं तुम्हाला दिसेल आणि कोणीतरी नक्की म्हणेल की तेच द्या, स्वस्त पडतं. गायीला ठीक आहे. घोड्याला रोज मुख्य चारा म्हणून नेपियर नको, त्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि अंगाला लागू देत नाही. वरून चोकर जास्त असेल तर अजून वाईट, कारण चोकरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, चेहऱ्याची हाडं सुजतात, घोडा अधूनमधून लंगडतो आणि सगळे पाय बघत बसतात. चोकर नरम असतो, घोडे आवडीने खातात, म्हणून आपल्याकडे तोबरे भरभरून घालायची पद्धत पडली. मूठभर ठीक. सोबत थोडी लसूणघास, जिला इकडे रिजका म्हणतात, ती दिली तर कॅल्शियमची बाजू सांभाळली जाते. आणि एक गोष्ट पाठच करा, गायी-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार पशुखाद्य घोड्याला घालायचं नाही. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, जनावराला तिथे फायद्याचं, घोड्याला अगदी थोड्यात विष, थेट हृदयाच्या स्नायूवर जातं.

माझी स्वतःची चूक सांगतो. अनंत चतुर्दशीची रात्र, इंदूरची माणसं झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला जाणार म्हणजे जाणार, दोन्ही मोतद्दार पोरांना मी स्वतःच सुट्टी दिली आणि रात्रीची शेवटची फेरी घाईत मारली कारण मला पण जायचं होतं. चंदीच्या खोलीची कडी लावायची राहिली. माझी राहिली, पोरांची नाही. पहाटे दोनला परत आलो तर आमची हौशी नावाची कुमेद (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी ठाणाची आडवी बल्ली सरकवून खोलीत घुसलेली, भरडलेल्या जवाचं पोतं अर्धं मोकळं, आणि बाईसाहेब मजेत. बघायला एकदम ठणठणीत दिसत होती, आणि इथेच माणूस फसतो, वाटतं जाऊ दे, खाल्लं तर खाल्लं. डॉक्टरांना तेव्हाच फोन केला, त्यांनी नाकातून नळी घालून पोट धुतलं, औषधं दिली, आणि सांगितलं की पुढचे दोन दिवस चारही पाय बर्फाच्या पाण्यात. कारण एवढा दाणा आतड्यात आंबला की त्याचं विष पायात उतरतं, एक-दोन दिवसांनी खुराच्या आतला हाड धरून ठेवणारा पडदा सुजून सुटायला लागतो, आणि मग कितीही औषधं करा. पहाटे बर्फ कुठून आणायचा, तर बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, रिकाम्या पोत्यांचे बूट शिवले, आणि ४८ तास आम्ही तिघं आळीपाळीने बर्फ भरत बसलो. घोडी वाचली. तरी पुढचे चार महिने खडकाळ जागेवर जपून पाय टाकायची आणि खुरावर एक आडवी वळी उमटली, ती वाढत वाढत खाली येऊन निघून जायला वर्ष लागलं, रोज सकाळी ती वळी बघायचो. आता त्या खोलीला दोन कड्या आणि एक कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला.

सफाई आणि चंदी झाली की खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. लोकांना वाटतं चमक यावी म्हणून करतात. चमक येते, पण मी खरारा करतो तो हात फिरावा म्हणून. काल नव्हती ती गाठ, पाठीवर खोगीराखाली गरम लागणारी जागा, तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) जागी सोललेलं, कानात आणि शेपटीखाली गोचीड, हे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतं. हिरड्या उघडून बघायच्या, गुलाबी हव्यात. जबड्याच्या खाली बोट ठेवून नाडी मोजायला शिका, आरामात असलेल्या घोड्याची मिनिटाला तीस ते चव्वेचाळीसच्या दरम्यान असते. ताप ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट नॉर्मल. प्रत्येक घोड्याचे नॉर्मल आकडे वहीत लिहून ठेवा, रात्री अकराला डॉक्टरांनी विचारलं आणि तुम्ही "थोडं गरम वाटतंय साहेब" म्हणालात तर ते बिचारे काय करणार.

मग खूर. रोज चारही, काम असेल तर आधी आणि नंतर दोन्ही वेळा. टोचणीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे खरवडायचं, मधला त्रिकोणी रबरासारखा भाग असतो त्याला नालबंद पुतळी म्हणतात, तिच्या दोन्ही बाजूच्या खाचा साफ झाल्या पाहिजेत. कुजका वास आणि काळा चिकट स्राव दिसला की पुतळी सडायला लागली. आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये हे होणारच असं धरून चाला. ती माती खुरात सिमेंटसारखी बसते, हवा जात नाही. मी पहिली तीन वर्षं मोरचूद लावत बसलो, बरं व्हायचं, परत व्हायचं. शेवटी अक्कल आली की खुरात काही दोष नाही, उभं राहायची जागा चुकतेय. तबेल्यासमोर फूटभर माती काढून खाली मोठे दगड, वर मुरूम, वर खडीची चुरी असा चौक केला, पाण्याला उतार दिला, आणि पावसाळ्यात निम्मा वेळ घोडे त्या कोरड्या चौकात. खर्च झाला पण ज्यांनी असा चौक न करता आधी सुंदर गेट आणि नावाची पाटी केली त्यांचे घोडे सप्टेंबरमध्ये लंगडताना बघितलेत.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, नाल असो नसो, साळावा लागतोच. जे घोडे रस्त्यावर पळत नाहीत त्यांना मी नाल मारतच नाही. इंदुरात टांगे होते तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर नालबंद असायचे, टांगे गेले तसे ते पण गेले, आता चांगला नालबंद मिळाला तर त्याला जावयासारखं सांभाळा, चहा-पोहे वेळेवर आणि पैसे त्याच दिवशी. जुन्या नाला फेकू नका, दर शनिवारी कोणी ना कोणी गेटवर येतं, काळ्या घोड्याची नाल द्या म्हणून. माझ्याकडे काळा घोडाच नाहीये, सांगतो तसं, तरी लोक म्हणतात भिया, जो है वो दे दो.

नऊ-दहाच्या सुमारास सगळे मोकळे सोडतो आणि मग दुसरं काम सुरू होतं, कळप बघणं. घोडा एकटा राहणारा प्राणीच नाही, आणि सहा घोडे म्हणजे सहा वेगळे घोडे नव्हेत, ती एक जॉइंट फॅमिली आहे, त्यात सासू आहे, धाकटी जाऊ आहे, आणि कुणी कुणाच्या आधी पाणी प्यायचं हे ठरलेलं आहे. माझ्याकडे सगळ्यात धिप्पाड घोड्याचं कुणी ऐकत नाही, एक बुटकी म्हातारी काठियावाडी घोडी आहे तिने नुसते कान मागे टाकले की सगळे बाजूला. म्हणून वैरणीचे ढीग घोड्यांपेक्षा एक-दोन जास्त आणि एकमेकांपासून चांगले लांब टाकायचे, नाहीतर खालच्या नंबरचा घोडा रोज उपाशी राहतो आणि तुम्हाला वाटतं त्याला जंत झालेत. कळपात उभं राहून हाताने गूळ-बिस्किट द्यायचं नाही, भांडण तुमच्या अंगावर होतं, दुगाणी दुसऱ्यासाठी झाडलेली असते आणि बसते तुम्हाला. कोणी पाहुणे पोह्यांची पुडी किंवा रोट्या घेऊन येतात, पुण्य लागतं म्हणतात, मी हात जोडून त्या त्यांच्याच गाडीत परत ठेवतो. आणि दिवसभर अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना दोऱ्या) बांधून ठेवायची जुनी पद्धत मला पटत नाही, मोकळा असला तर घोडा चरता चरता दिवसाला कितीतरी किलोमीटर चालतो, त्या चालण्यावर त्याचं पचन आणि पाय दोन्ही अवलंबून आहेत. बांधून ठेवला की तो लाकूड चावायला लागतो, एका जागी डुलायला लागतो, आणि मग लोक म्हणतात ह्याला वाईट खोड आहे. पूर्ण नर मात्र वेगळा ठेवावा लागतो, सुरुवातीला नर घेऊच नका, घोड्या आणि खच्ची केलेले घोडे घ्या.

नवा घोडा आला की थेट कळपात नाही. तीन आठवडे वेगळा, त्याची बादली, ब्रश, टोचणी सगळं वेगळं, त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. आणि ग्लँडर्सचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हा रोग माणसाला पण होतो, लस नाही, आणि २००९च्या कायद्याखाली पॉझिटिव्ह जनावर मारावंच लागतं. हिसारला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे, तिथे रक्ताची तपासणी होते. बाजारात विकणारा म्हणेल की आमच्याकडे असलं काही नसतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, रिपोर्ट मागायचा. नंतर ओळख पण आधी कुंपणापलीकडून, मग कळपातल्या सगळ्यात शांत घोड्यासोबत, मग बाकीचे.

आजारांत दोन गोष्टी तुमच्या भागासाठी. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा होतो, ताप येतो जातो येतो जातो, घोडा खातो पण वाळतो, पोटाखाली आणि पायांवर सूज, हिरड्या फिक्या. ताप उतरला म्हणून बरा झाला समजू नका, रक्त तपासा. दुसरं धनुर्वात, घोड्याइतका धनुर्वाताला हळवा प्राणी नाही, आणि तबेल्यात खिळे-पत्रे असतातच, लस चुकवू नका. महू जवळच आहे हे तुमचं नशीब, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घोडा घ्यायच्या आधीच जाऊन ओळख करून ठेवा. जंताचं औषध कॅलेंडर बघून देत बसण्यापेक्षा लीद तपासून द्या, ते पण तिथे होईल.

आणि पोटदुखी, जिला सगळे कॉलिक म्हणतात. पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ उचलणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम. खाणं लगेच काढून घ्या, डॉक्टरांना फोन, नाडी मोजून सांगा, लोळून भिंतीत अडकेल असं वाटलं तर हळूहळू चालवा. शांत पडून असेल तर पडू द्या. नळकांड्याने तेल, हिंग, ओवा काहीही पाजू नका, गावात दहा लोक सल्ला द्यायला येतील, मान वर करून पाजलेलं तेल फुफ्फुसात गेलं की पोटदुखी बरी होऊन घोडा न्यूमोनियाने जातो. दुखणं कमी करायचं इंजेक्शन पण स्वतः ठोकू नका, दुखणं झाकलं जातं आणि आतडं पिळलेलं असेल तर डॉक्टरांना ते कळायला उशीर होतो.

दुपारी बारा ते चार उन्हाळ्यात काही नाही, सावली आणि पाणी आणि वैरण. खोगीर-लगामाचं चामडं पुसायचं, कुंपण बघायचं. चारनंतर काम द्यायचं असेल ते, मग अंग थंड होईपर्यंत चालवायचं, परत खूर, संध्याकाळची चंदी, आणि रात्रीची वैरण सगळ्यात मोठी, कारण रात्र लांब असते. साडेदहाला शेवटची फेरी, परत तेच बघणं. दिवाळीच्या चार रात्री मी तिथेच झोपतो, मोकळे सोडत नाही, रेडिओ मोठ्याने लावतो म्हणजे फटाक्याचा आवाज एकदम अंगावर येत नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी घोडा गेटबाहेर नाही, कोणी कितीही पैसे देवो, तो डीजे आणि पाण्याचे टँकर बघून माणूस बिथरतो. दसऱ्याला मात्र सगळ्यांना न्हाऊ-माखू घालून पूजा, झेंडूच्या माळा, आणि पाच मिनिटांत शेजारच्याने शेजारच्याची माळ खाल्लेली असते.

तुम्हाला करायचंच असेल तर सहाने सुरुवात करू नका, दोनने करा. एकाने पण नको, एकटा घोडा झुरतो. दोन माणसं ठेवा, त्यांना राहायला तिथेच पक्की खोली आणि संडास बांधून द्या, आळीपाळीने सुट्टी द्या, घोडा विकणाऱ्यापेक्षा मोतद्दार जास्त पारखून घ्या. आणि घोडे आणायचे ते देवदिवाळी उलटल्यावर, तोपर्यंत नवं गवत भरून झालेलं असतं, चिखल वाळलेला, माश्या कमी झालेल्या, पहिले सहा-सात महिने तुम्हाला शिकायला मिळतात पावसाळा यायच्या आधी. त्याआधी ह्या जुलैत एक आठवडा माझ्याकडे या, नोकरी सांभाळून, पावणेपाचला गेटवर. गमबूट तुमचे तुम्ही आणा, फावडी माझ्याकडे आहेत.